मोटारीनं आलेलं पाणी

पायी चालल्याच्या बढाया माह्यासमोर सांगू नका बाप्पा. मी वामनरावासोबत अकोल्याहून कौंडण्यपूरले पायी गेलेला माणूस आहे.

वामनराव म्हणजे आमच्या कचेरीतला मोठा बाबू. "दिंडीत मेंढरावानी कोण चालते?" म्हणे. "मी नकाशा काढला, आपण दोघंच जाऊ." कागदावर गावं, मुक्काम, विहिरीसुद्धा, सारं लाल शाईनं. मूर्तिजापूरपर्यंत त्यानं मले पाऊल कसं टाकायचं तेच शिकवलं. तिथं म्हणे, "तू वावरातून ये, मी सडकेनं येतो." त्यानंतर रोज दिवस मावळता मी लंगडत मुक्कामावर पोचलो, की हा पान चघळत बसलेला. "तुह्या पायात दमच नाही," म्हणे.

कौंडण्यपूरच्या अलीकडं एका गावात पायी आलेल्यांचे पाय धुवायची रीत होती. एका म्हातारीनं परातीत माहे पाय धुतले. पाणी काळंभोर झालं. त्यातले दोन थेंब तिनं कपाळाले लावले अन् बाकीचं गोठ्यात शिंपडाले सुनेजवळ देलं. त्या पाण्यानं म्हणे ढोरं चांगले राहतात.

मग वामनराव ऐटीत बसला. "अकोल्याहून चालून राहिलो, आजी. एक पाऊल वाहनात ठेवलं नाही."

म्हातारीनं त्याचे पाय धुतले. परातीचा तळ लख्ख दिसत होता. तिनं एकदा वामनरावाकडं पाहिलं अन् सुनेले हाक मारली.

"हे गोठ्यात नको नेऊ वं. हे मोटारीनं आलेलं पाणी आहे. याच्यात भांडे विसळून घे."