बावन्न मापाची फ्रेम

पेनसिल्व्हेनियात सायकलींच्या शर्यतीच्या ट्रॅकजवळ ग्लेनचं दुकान आहे. स्पोक तुटलेलं चाक घेऊन रोवीना तिथे रांगेत उभी होती. तिच्यापुढे उंचापुरा म्हातारा मर्लिन ग्लेनशी बोलत होता.

"ट्रॅकची फ्रेम हवी होती. मोठ्या कंपनीची, पण परवडणारी."

"तसल्या फ्रेम बनवणं कंपन्यांनी बंदच केलंय, मर्लिन. आता एक तर कार्बनची महागडी, नाहीतर ही, बाटली अडकवायला भोकं पाडलेली. शहरातली पोरं रस्त्यावर फिरवतात."

"भोकं चालतील. ट्रॅकवर बाटली लावली नाही म्हणजे झालं. माप बावन्न."

"बावन्न? तुझे गुडघे हनुवटीला लागतील."

"एलोडीसाठी रे. ओहायोला राहायला जाताना तिनं तिची सायकल विकून टाकली."

"अरे वा, तुझी पोरगी परत येतेय?"

"दर मंगळवारी सरावाला यायची माझ्याबरोबर. नऊ वर्षं."

"ते मी पाहिलंय. आता येतेय का?"

"सायकल तयार झाली की फोन करीन म्हणतो."

"म्हणजे अजून विचारलंच नाहीस."

"नुसतं ये म्हटलं, की काम आहे म्हणते."

"बावन्न शिल्लक नाही बघ. अठ्ठावन्न आहे, तुझ्या मापाची. स्वस्तात देतो."

"माझी आहे की घरी. चांगली आहे."

"मग मंगळवारी दिसत का नाहीस?"

"एकट्यानं किती फेऱ्या मारायच्या, ग्लेन?"

"वसंतात कंपनीचा माल येईल कदाचित. नाव लिहून ठेवतो. कुणाचं लिहू?"

"तिचंच लिही. फोन नंबर माझा घाल."