जुना सायलेन्सर

लानेली गावातल्या गॅरेजात मिसेस प्रॉसर आपल्या गाडीच्या वार्षिक तपासणीसाठी थांबल्या होत्या. शेजारच्या बाकड्यावर गेथिन आणि नेरिस हे नवरा-बायको. काचेपलीकडे त्यांची लाल स्पोर्ट्स कार लिफ्टवर चढली होती.

"पाय हलवू नकोस, गेथिन. अख्खं बाकडं हलतंय."

"मेकॅनिकने खाली टॉर्च मारलाय गं."

"तपासणी आहे, मारणारच. जुना सायलेन्सर परत बसवलास ना?"

"रविवारी दिवसभर गाडीखालीच होतो की! पण नट नवे दिसतायत. चकाकतायत मेले."

"आणि तो नवा, दणदणणारा?"

"शेडमध्ये, ताडपत्रीखाली. हळू बोल, त्या बाई ऐकतायत."

मिसेस प्रॉसरनी मासिकाचं पान उलटलं.

"उद्या तू तो परत चढवणार. आणि परवा कुठे ठोकलीस, तर इन्शुरन्सवाले छदामही देणार नाहीत. सांगून टाक त्यांना, कधीची म्हणतेय."

"हप्ता दुप्पट करतील! आणि नाही सांगितलं तर कळणारे कुणाला?"

"गेल्या शुक्रवारी मी फोन केला होता त्यांना. पॉलिसी संपतेय आपली."

"सांगितलंस?"

"त्या मुलीने विचारलं, गाडीत काही बदल केलेत का? तू हातापाया पडला होतास, म्हणून मी म्हटलं, छे, काही नाही."

"वाचवलंस, बाई!"

"आणि तेवढ्यात तू गाडी घेऊन गल्लीत शिरलास."

"मग? ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तुमचे मिस्टर आले वाटतं घरी?'"