पडद्यावरची बाळंतीण

मंडळी, ऐका. खचलेल्या माणसाला आधी काय द्यावं? काय म्हणता काका — उपदेश? बरोबर! उपदेशाला दमडी पडत नाही, म्हणून आपण तो पसापसा वाटतो!

तर एका गावात द्वारकाबाई नावाच्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या. घरोघरी बाळंतिणींची विचारपूस करायच्या. जीव लावणारी बाई, पण तोंडाचा पट्टा — थांबतो कशाला! आणि घरात काय? धाकटी जाऊ रेवती नुकतीच बाळंत झालेली. बाळ रडलं तरी भिंतीकडे तोंड. द्वारकाबाई सांगायच्या, "अगं, सोन्यासारखा लेक झालाय, हसत राहा." ती म्हणायची, "हो ताई." संपलं!

एकदा तालुक्याला प्रशिक्षण होतं. पडद्यावर एक बाळंतीण! खरी नव्हे हो, संगणकानं घडवलेली. पण पापण्या लववते, पदराशी चाळा करते, विचारलं की उत्तर देते. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हिला बोलतं करा. चुकलात तरी हिला इजा नाही."

द्वारकाबाई सरसावल्या. "देवाचं नाव घे, डिंकाचे लाडू खा, सगळं ठीक होईल."

पडद्यावरची म्हणाली, "हो ताई." आणि मान खाली.

मंडळी, घरी रोज हेच ऐकत होत्या ना त्या! पुन्हा बसल्या. एवढंच विचारलं, "तुला कसं वाटतंय गं?" आणि गप्प. जीभ वळवळतेय — पण गप्प! बऱ्याच वेळानं ती बाई बोलली, "ताई, हे बाळ मला माझं वाटतच नाही."

'असं बोलू नये' ओठांवर आलं होतं. द्वारकाबाईंनी ते गिळलं. मॅडम म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होणारा हा मनाचा आजार आहे. उपचारानं बरा होतो."

संध्याकाळी त्या रेवतीशेजारी बसल्या. तेच विचारलं, तशाच थांबल्या. रेवतीला रडू फुटलं. "ताई, वाटतं, मी मेले तर बाळाला बरी आई मिळेल."

द्वारकाबाईंनी हात धरला, तो सोडलाच नाही. क्षणभरही एकटं ठेवलं नाही. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. औषध, भेटी — हळूहळू फरक पडला. एके दुपारी बाळ रडलं, आणि कुणी हाक मारायच्या आत रेवतीनं उचललं. "आले रे राजा, आले." द्वारकाबाई चुलीपाशी डोळे पुसत होत्या.

यंत्रानं रेवतीला बरं केलं का? नाही हो! त्यानं द्वारकाबाईंना ऐकायला शिकवलं. आपल्याला कोण शिकवणार? तुमच्या घरात हल्ली मुकाट्यानं जेवून उठणारं कुणी आहे ना? त्याच्याजवळ बसा. विचारा, आणि थांबा. आजचं उरलेलं कीर्तन त्याच्या तोंडून ऐका. मी आता गप्प बसतो.