आमच्या वतीनं कमी करू नका

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि जिल्हा शिक्षण कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेल्या श्रीमती पुष्पलीला, व्यासपीठावर बसलेले देवळाचे विश्वस्त श्री. अर्जुनन, ज्यांना निरोप द्यायला आपल्यापैकी कुणाचंच मन तयार होत नाही ते आपले मुख्याध्यापक श्री. तिरुनावुक्करसु सर, सर्व शिक्षक, बुकिट सेमारा तमिळ शाळेचे आजी-माजी विद्यार्थी, पालक, आणि मागच्या पडवीत वडे तळता तळता माझं भाषण ऐकणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी रजामणी, पालक संघाची अध्यक्ष. तसं मला भाषण करता येत नाही, मी शिवणकाम करणारी बाई. पण अर्जुनन अण्णा म्हणाले, "तू बोल, बाकीचे रडतील." म्हणून उभी आहे. रडणार नाही असा शब्द मात्र दिलेला नाही.

सरांच्या गुणांची यादी वाचायची रीत आहे. ती या आधीच्या तीन वक्त्यांनी वाचली. मी एक घडलेली गोष्ट सांगते. ती सरांना आवडणार नाही, तरी सांगते. उद्यापासून ते मला कार्यालयात बोलावू शकत नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील या भोवतालच्या रबराच्या मळ्यात चीक काढायचे. सरांचेही. त्यामुळे सर इथे आले तेव्हापासून दर बक्षीस समारंभात मुलांना एकच सांगायचे : "शिका. शिकलात की आईबापांपेक्षा चांगलं जगाल." मुलं टाळ्या वाजवायची, आया डोळे पुसायच्या. आणि खरं सांगा, यात वाईट काय होतं? आपण आपल्या मुलांना दुसरं काय सांगतो?

सात वर्षांपूर्वीच्या समारंभाला सरांनी पाहुणा म्हणून योगेश्वरनला बोलावलं. करुप्पण्णन अण्णा आणि लेच्चुमी अक्कांचा हा मुलगा. आपल्या शाळेतून शिकून इंजिनियर झालेला, कारखान्यात लागलेला पहिला. आईबापांनी त्याच्या शिक्षणापायी काय काय सोसलं ते मला ठाऊक आहे, कारण फ्लॅटमध्ये आमच्या दोन घरांत एकच भिंत.

योगेश्वरन आला तो मोटारसायकलवर, मागे जेवणाची डबापेटी, अंगात डिलिव्हरी कंपनीचं जाकीट. आम्हाला वाटलं, कुणाची तरी गाडी मागून आणली असेल. तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, मी कारखान्यात नाही. कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली. मी सुंगाई पटानी शहरात घरोघर जेवण पोचवतो. घरी सांगितलं नव्हतं. आज या मुलांसमोर खोटं बोलवत नाही, म्हणून सांगतो."

 करुप्पण्णन अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, नवा सदरा घालून.

"माझ्या वयाचे असताना अप्पांना मळ्याचं घर होतं," योगेश्वरन म्हणाला. "मागे वांगी, भेंडी, दोन शेळ्या. दुपारी ते घरी असायचे. मी चौघांबरोबर एका खोलीत राहतो. एका मुलीच्या घरचे लग्नासाठी थांबलेत, पण किती थांबतील? तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, सर. मग?"

सरांनी यादी उचलली. बक्षिसं वाटली. एका मुलीच्या हातात दुसऱ्याच मुलीचं बक्षीस गेलं, ती ते घेऊन जागेवर गेली.

त्याच संध्याकाळी सर आमच्या फ्लॅटमध्ये आले. शेजारी म्हणून मीही गेले. बोलावलं नव्हतं, पण भिंतीतून ऐकण्यापेक्षा बरं. आत बापलेकांचं जुंपलेलं होतं.

"घर होतं म्हणे!" करुप्पण्णन अण्णा म्हणत होते. "कुणाचं घर? मळ्याचं. मळा विकला, तसे आपण फेकले गेलो. शेळ्या आठवतात तुला. तुझ्या आईला पाणी आणायला किती लांब जावं लागायचं, ते नाही आठवत?"

"आठवतं, अप्पा. म्हणून तर शिकलो."

"मग मला का नाही सांगितलंस? मी देवळात सगळ्यांना सांगत होतो, पोरगा साहेब आहे."

"म्हणूनच नाही सांगितलं."

सर दारात उभे होते. लेच्चुमी अक्कांनी त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला. सर योगेश्वरनला म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही. जे माझ्या हातात नव्हतं त्याचा मी शब्द देऊन बसलो होतो." मग चहा न पिताच उठले. अक्कांना ते फार लागलं. चहा न पिता जाणारा माणूस त्यांच्या हिशेबात रागावलेला असतो. सर रागावले नव्हते. पार खचले होते.

पुढच्या वर्षीच्या समारंभाला सरांनी भाषण बदललं. मुलांना म्हणाले, "मोठाल्या अपेक्षा ठेवू नका. जग बदललं आहे. आहे त्यात समाधान मानायला शिका." चांगलंच बोलले म्हणायचं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माना डोलावल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून लेच्चुमी अक्का उठल्या. ज्या बाईनं देवळाच्या सभेतसुद्धा कधी तोंड उघडलं नाही, ती बाई.

"सर, जरा थांबा," त्या म्हणाल्या. "मी पहाटे डोक्याला दिवा बांधून रबराच्या झाडांना चिरा द्यायला जायची. एकदा पायावरून साप गेला, तरी चिकाची बादली सांडू दिली नाही. कशाच्या जोरावर? पोरगा माझ्यापेक्षा बरं जगेल या जोरावर. आणि आता तुम्ही या पोरांना सांगता, थोडक्यात भागवा?"

"अक्का, जे होणार नाही ते कसं सांगू? खोटं बोलू का?"

"खोटं बोलू नका. पण पोरांचं मागणं आमच्या वतीनं कमी करू नका. ज्यांनी मळा विकत घेतला त्यांच्या पोरांना कुणी सांगतं का, समाधान माना म्हणून? ज्यांच्याकडे आहे त्यांना कुणी सांगत नाही. आम्हालाच का?"

आणि त्या खाली बसल्या.  मी त्यांचा हात धरून ठेवला.

अध्यक्षाबाई, तुम्ही शिक्षण खात्यातल्या आहात. अशा वेळी मुख्याध्यापकानं काय करायचं, याचं परिपत्रक निघत असेल तर मला माहीत नाही. आमच्या सरांनी व्यासपीठावरूनच हात जोडले आणि म्हणाले, "अक्का, मला विचार करू द्या."

विचार करून त्यांनी काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. मळा घेणाऱ्या मालकांनी आम्हाला फ्लॅटमध्ये हलवताना सांगितलं होतं, हे तात्पुरतं, तुम्हाला घरं बांधून देऊ. ती गोष्ट आपण सगळे विसरलो होतो, किंवा विसरल्यासारखं दाखवत होतो. सर दर महिन्याला शाळा सुटल्यावर आपल्याला घेऊन जिल्हा कार्यालयात ती घरं मागायला जायला लागले. तिथल्या बाकावर बसून मुलांच्या वह्या तपासायचे. जागाच नाही असं उत्तर आलं, तेव्हा योगेश्वरननं शाळेमागच्या जमिनीचा नकाशा काढला. किती घरं कशी बसतील, पाणी कुठून येईल, सगळं. डिलिव्हरीच्या फेऱ्या संपल्या की तो आणि त्याचे मित्र मोजणीला जायचे. त्या दिवसांत भिंतीपलीकडून बापलेकांचा आवाज यायचा तो पाण्याच्या नळावरून, भांडणाचा नाही. म्हणजे, भांडणाचाही, पण नळावरून.

गेल्या वर्षी पहिल्या काही घरांच्या किल्ल्या मिळाल्या. करुप्पण्णन अण्णांना मिळाली. मला नाही मिळाली. मी अजून चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. तेव्हा सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, आणि सरांच्या जागी येणाऱ्या नव्या मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवते, त्या बाकावर तुमची जागा राखलेली आहे.

योगेश्वरन आता तांदळाच्या गिरणीत यंत्रं सांभाळतो. ती थांबलेली मुलगी, परिमळा, अखेर लेच्चुमी अक्कांची सून झाली. तो बापापेक्षा बरं जगतो का? त्याला विचाराल तर म्हणेल, "घर अप्पांचं आहे, मी त्यांच्याकडे राहतो." अण्णांना विचाराल तर म्हणतील, "खोलीत गार हवेचं यंत्र आहे, अजून काय पाहिजे याला?" कृपा करून जेवताना हा विषय काढू नका.

आता शेवटचं. गेल्या विजयादशमीला योगेश्वरनच्या मुलीला पहिलं अक्षर गिरवायचं होतं. तिचं बोट धरायला अक्कांनी सरांना बोलावलं. सर नको म्हणत होते, म्हणाले, "माझ्या आशीर्वादाचा अनुभव तुम्हाला आहे." अक्का म्हणाल्या, "बसा मुकाट्यानं." सर बसले. ताटात तांदूळ पसरले होते. सरांनी तिचं बोट धरून पहिलं अक्षर काढलं. दुसरं काढायच्या आत पोरीनं मूठभर तांदूळ उचलले आणि तोंडात टाकले. सगळे हसले. अण्णा तांदूळ काढायला धावले.

सर हसले नाहीत. तिच्या गालावरचे दाणे पुसत म्हणाले, "पोटभर जेव, बाळ. आणि तुला कमी वाढलं, तर ताट पुढे कर."

करुप्पण्णन अण्णांनी सांडलेले तांदूळ परत ताटात भरले. योगेश्वरन उठून बाहेर गेला, आणि बराच वेळ आत आला नाही.

सर, तुम्ही उद्या क्वालालंपूरला लेकीकडे निघालात. सुखानं जा. आमच्या मुलांना तुम्ही शिकवलंत, आणि आमच्यातल्या एका बाईकडून शिकलातही. त्याबद्दल या सगळ्यांच्या वतीनं तुमचे आभार. अध्यक्षाबाईंचे, पाहुण्यांचे, आणि मला मध्येच खाली न बसवल्याबद्दल अर्जुनन अण्णांचेही आभार. बोलताना कुणाच्या घरातली गोष्ट उघड झाली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर शिवणाऱ्या बाईचा एखादा टाका सुटला असं समजून पोटात घाला.

पंगत मांडली आहे. पहिलं पान सरांचं. आणि लेच्चुमी अक्का, वाढायला तुम्ही या.