आधी लाकडाचं

पाणचाकावरची एक वाटी भरायला चोवीस सेकंद लागतात, हे मी तीनदा मोजून पाहिलं. बंगळुरूच्या एका संग्रहालयात अकराव्या शतकातले चिनी पंडित आणि मंत्री सू सोंग यांच्या जलघड्याळाची प्रतिकृती मांडली आहे. रांगेत माझ्यापुढे साठी ओलांडलेले दोघे होते.

“काय लिहिलंय हो मालोजीराव? माझा चष्मा घरी राहिला.”

“यांनी आधी लाकडाचं छोटं घड्याळ केलं म्हणे. ते नीट चाललं, मगच मोठा मनोरा उभारला. शहाणा माणूस, श्यामलाबाई. घाई केली नाही.”

“आपलं छोटं घड्याळ दोन वर्षं चालतंय. दर शनिवारी एखादी बाग, नाहीतर संग्रहालय. मोठ्याचं काय?”

“स्वल्प थांबा हो. संयोगिताला कसं सांगू? लेक आहे माझी.”

“मग आज काय सांगून निघालात?”

“विज्ञानाच्या व्याख्यानाला जातो म्हणून. तिला वाटतं, अप्पांना विज्ञानाचं वेड लागलंय. वाढदिवसाला दुर्बीण आणली तिनं.”

“अगबाई! मग काय दिसलं?”

“समोरच्या गच्चीवरचे सांडगे.”

“माझा मुलगा नोकरी बदलून पुण्याला परत चाललाय. माझंही तिकीट काढू का, विचारतोय.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“संध्याकाळी सांगते म्हणाले.”

“आज संध्याकाळी?”

“आजच.”

“ही पिशवी धरा जरा. हॅलो, संयोगिता? नाही गं, व्याख्यान नाहीये. कधीच नव्हतं. ऐक, मी लग्न करतोय.”