सहा राक्षस, सत्तर-सत्तर

...आणि वर मला म्हणतो काय, "साडूभाऊ, टीम बॅलन्स्ड पाहिजे!" मला! अहो, मला! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी वजनकाटे तपासतोय, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा काटा असो की गोदामातला ट्रक तोलायचा काटा, माझा शिक्का पडल्याशिवाय त्यावर कोणी बटाटा ठेवत नाही, आणि हा, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जो आयुष्यात कधी स्वतःच्या दोन पायांवर सरळ उभा राहिला नाही, कायम कशाला तरी टेकलेला, दाराला, फ्रिजला, माझ्या बायकोनं केलेल्या कौतुकाला... हा मला बॅलन्स शिकवणार! माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून! मी जळत नाही हं. मी आपलं सांगतो.

बरं, टीम कसली? व्हिडिओ गेममधली! राक्षसांची! हसा, हसा... मीही हसलो होतो, तेच तर नडलं. आमची पोरगी आठवीत आहे, ती हा गेम खेळते. सहा राक्षस पाळायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्याच्या सहांशी झुंजवायचं. एका वेळी आपले दोन मैदानात, त्याचे दोन मैदानात. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी झाडपाल्याचा. आग झाडपाला जाळते, पाणी आग विझवतं, झाडपाला पाणी पिऊन टाकतो. संपलं. यात काय आहे सांगा? गेल्या वर्षी ती मोठ्या हौसेनं मला दाखवायला आली, "बाबा, बघा ना, माझ्या राक्षसानं रूप बदललं!" आणि मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "अभ्यासाचं रूप कधी बदलणार?" झालं. बोललो. तोंडातून गेलं ते गेलं. ती उठली आणि गेली ती थेट फोनवर... "काका, तुम्हाला माहितीये का..." आणि काका काय, टेकून बसलेलेच होते!

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, घरात काका, काका, काका! पूर्वी गणित अडलं की बाबा. सायकलची चेन निघाली की बाबा. झुरळ निघालं तरी बाबा! आता रोज संध्याकाळी दार लावून दोघांचं फोनवर खुसुखुसु, "काका, याचा वेग वाढवू की ताकद?" आणि बाहेर मी, हातात चहाचा कप घेऊन, दाराला कान लावून... म्हणजे कान लावून नाही, जाता जाता ऐकू आलं. अर्धा तास जात होतो, एवढंच.

तर त्या दिवशी साडू सहकुटुंब जेवायला आले होते आणि पोरीनं जाहीर केलं, "वाचनालयाच्या सभागृहात स्पर्धा आहे, एका कुटुंबातले तिघं लागतात, प्रत्येकाचे दोन-दोन राक्षस. मी, काका आणि..." मी घास तोंडात धरून थांबलो. म्हटलं, आता येईल. येईलच ना! जन्मदाता आहे! तर म्हणते, "...आणि मावशीला विचारू का?" मावशीला! अहो, जिला टीव्हीचा रिमोट स्वतःच्या मांडीवर असताना सापडत नाही, ती मावशी! माझा घास घशात अडकला. बायको पाठीवर थापट्या मारते आणि म्हणते काय, "हळू जेवा, कोणी पळवून नेत नाहीये!" नेलं होतं हो... पोरीला नेलं होतं पळवून, समोर बसून भात कालवत होता!

मग मी म्हणालो, "मी येणार." पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही?" या 'तुम्ही'त एवढं आश्चर्य, जसं काही भिंत बोलली. म्हटलं, "मी. आणि काकाच्या जागी येणार. त्याला हरवून." साडूनं काय करावं? रागवावं की नाही? छे! टाळी वाजवली! "अरे वा, साडूभाऊ! फक्त एक लक्षात ठेवा, टीम बॅलन्स्ड पाहिजे." आणि आमची ही लगेच, "बघा, भाऊजी कसे सगळं समजावून सांगतात! नाहीतर तुम्ही!" अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मी जळत नाही हं. मी आपलं सांगतो.

आमच्या दोघांच्या झुंजीला तीन आठवडे मिळाले होते. तुम्हाला सांगतो, जेवणाच्या सुट्टीत आमच्या काट्यांच्या कारखान्यातल्या टेबलावर पितळी वजनं बाजूला सारून मी सहा राक्षस वाढवायला घेतले. पोरीच्या जुन्या गेमच्या यंत्रावर. ठिणगी आगीची, डबक्या पाण्याचा, पालवी झाडाची, झुळूक वाऱ्याची, गारगोटी दगडाची आणि ढेकूळ मातीचा. बॅलन्स म्हणाला ना? घे बॅलन्स! प्रत्येकाची ताकद सत्तर, बचाव सत्तर, वेग सत्तर. सहाच्या सहा! पालवी एकदा बाहत्तरवर गेली तर मला दिवसभर चैन पडेना. म्हटलं, दोननं चूक? आमच्या धंद्यात एवढी चूक असलेल्या काट्याला मी दारातून आत घेत नाही! मग बाकीच्या पाचांना बाहत्तरवर आणलं, तेवढ्यात झुळूक गेली त्र्याहत्तरवर... शेवटी सहाही जणांचे वरचे गुण काढून सगळ्यांना परत सत्तरवर आणलं, तेव्हा कुठे मला घास गेला.

आणि ती ठिणगी! बारीकशी, शेपटाला दिवा लावलेली, पण हौशी हो! चार लढाया जिंकली की थरथरायची, उजळायची, आणि पडद्यावर यायचं, 'ठिणगी रूप बदलू पाहते आहे. बदलू द्यायचं का?' आता तुम्हीच सांगा, ती एकटी मोठी झाली तर बाकीच्या पाचांनी काय करायचं? तोल कुठे राहिला? मी दाबलं, 'नाही'. पुन्हा थरथरली. 'नाही'. अकरा वेळा! अकराव्या वेळी तिनं माझ्याकडे असं बघितलं ना... पण मी डगमगलो नाही. नियम म्हणजे नियम.

मग रीतसर तपासणीचा फॉर्म भरला. सवय हो! खाली सही, वर शिक्का, 'तपासले, बरोबर आहे'. आणि तो फॉर्म गेला चुकून साहेबांच्या फायलीत! साहेब चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले, "अहो, हे काय आहे? 'ठिणगी, आगीची, नग एक. डबक्या, पाण्याचा, नग एक.' हा कुठल्या गिऱ्हाइकाचा काटा? आणि शेपूट कसलं तपासलंत?" म्हटलं, साहेब, घरगुती काम आहे. साहेब म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" आता घरी सगळं ठीक असतं तर माणूस शेपटं तपासत बसला असता का?

उजाडला आमच्या झुंजीचा रविवार, आमच्याच घरी. दुपारी साडू आला, आल्या आल्या कपाटाला टेकला. मी विचारलं, "झाली का तयारी?" तर म्हणतो, "कसली तयारी, साडूभाऊ! येता येता रिक्षात दोन-चार गोष्टी बदलल्या." रिक्षात! मी तीन आठवडे जेवलो नाही धड, आणि हा रिक्षात!

त्यानं मैदानात काढला ढोल्या. हा एवढा, डोंगरासारखा, आणि... झोपलेला! घोरतोय! ताकद वीस, वेग पाच. म्हटलं, हा काय नमुना, मालकावरच गेलाय! आणि शेजारी सुई. काडीसारखी बारीक, फुंकर मारली तर पडेल अशी, पण वेग दोनशे. मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, याला म्हणतात बॅलन्स? एक पारडं जमिनीला, एक छताला! माझे दोघे कसे, ठिणगी आणि डबक्या, शेजारी शेजारी, आग आणि पाणी, सत्तर-सत्तर, काटा बरोबर मध्यावर!

घंटा वाजली. सुईनं टोचलं, ठिणगी अर्धी. मी ओरडलो, "डबक्या, लाट!" डबक्यानं उसळवली लाट... काय लाट होती तुम्हाला सांगतो, सगळं मैदान पाण्यात... आणि पोरगी किंचाळली, "बाबा, लाट सगळ्यांना लागते!" सगळ्यांना म्हणजे? सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना! सुई उडी मारून वाचली, ढोल्या कूस बदलून झोपला, आणि माझी ठिणगी... फुस्स! माझ्याच पाण्यानं माझीच आग विझली! बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय विझलं हो? गॅस बघू का?"

पुढचं काय विचारता! डबक्या गेला, पालवी गेली, झुळूक गेली, गारगोटी गेली. सत्तरच्या ताकदीनं मारतोय ढोल्याला, त्याला जरा खरचटलं की साडू तिसरा राक्षस आत घ्यायचा, त्याचं नाव फुंकर. तो जखमेवर फुंकर घालायचा की ढोल्या पुन्हा ठणठणीत आणि पुन्हा घोरायला मोकळा! माझे सहा मिळून एका झोपलेल्याला उठवू शकले नाहीत हो! शेवटी एकटा ढेकूळ उरला. सुई टोचतेय, टोचतेय, आणि हा उभा. नऊ फटके उभा होता. दहाव्याला गेला.

साडूनं काय म्हणावं? माझ्या खांद्यावर हात ठेवून, "साडूभाऊ, मेहनत मात्र दिसते हं!" मेहनत दिसते! अरे, शिवी दे, पण असं म्हणू नकोस! गाणं ऐकून कोणी म्हणालं की पेटी छान आहे, तर गाणाऱ्यानं कुठे बघायचं?

पोरगी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, समतोल म्हणजे सगळे सारखे नसतात हो. ढोल्या हळू आहे म्हणून सुई आहे. सुईला मार सोसत नाही म्हणून ढोल्या आहे. आणि दोघांसाठी फुंकर आहे. तुमच्या सहांमध्ये कोणाला कोणाची गरजच नाही." आता खरं सांगतो, लपवत नाही, इतका वेळ उगाच 'नाही हं, नाही हं' केलं... जळत होतो! नखशिखांत जळत होतो! तो जिंकला म्हणून नाही. हे सगळं तिला समजावून सांगणारा, तिच्याबरोबर बसून चुका करणारा तो होता, मी नव्हतो, म्हणून. तिनं पहिलं दार माझंच वाजवलं होतं हो. आणि मी पेपर वाचत होतो.

मग ती यंत्र हातात घेऊन म्हणाली, "पण बाबा, तुमच्या ढेकळानं नऊ फटके खाल्ले? सुईचे? आमच्या टीममध्ये पुढे उभं राहून मार खाणारा कोणी नाहीये. काकांना ढोल्या आणता येत नाही, दोनच न्यायचेत, सुई आणि फुंकर हवेतच. तुम्ही याल? पहिल्यांदा तुम्ही जायचं, सगळा मार तुम्ही खायचा, आणि लवकर मरायचं नाही. तेवढ्यात मी तयारी करते." मी म्हटलं, आणि मावशी? म्हणाली, "मावशीला कशाला? बाबा आहेत ना."

बाबा आहेत ना! त्याच संध्याकाळी तिच्या समोर बसून ढेकळाची ताकद काढली, वेग काढला, सगळं बचावात ओतलं. गारगोटीचंही तेच. सत्तर-सत्तरचं झालं दहा, दहा, एकशे नव्वद! बावीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच्या हातानं काटा बिघडवला. आणि ठिणगी स्पर्धेला नव्हती, पण तिला तेवढं 'हो' म्हटलं. काय उजळली म्हणून सांगू!

स्पर्धेत मी मार खाल्ला. मनापासून खाल्ला. आगीचा खाल्ला, विजेचा खाल्ला, एकदा तर शेणाचा खाल्ला. पुढे मी, जोडीला कधी फुंकर, कधी टोचणारी सुई, आणि शेवटी पोरीचा एक फटका, संपलं! तिसरा नंबर आला! आणि पोरगी उठली ती सरळ माझ्याकडे धावली, गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, काय मार खाल्लात तुम्ही!" सभागृह टाळ्या वाजवतंय, मी रडतोय, बायको म्हणतेय, "लागलं का कुठे?"

आणि साडू? कोपऱ्यात उभा. सरळ! कशालाही न टेकता! पहिल्यांदा बघितला असा. तोंड एवढंसं. म्हणतो, "साडूभाऊ, टोचलं मी, फुंकर घातली मी... आणि मिठी तुम्हाला?" अहो, काय गार वाटलं छातीत! चौदा वर्षं वाट बघत होतो, हा माणूस कधी तरी माझ्यावर जळेल म्हणून! जळला! माझ्यासमोर जळला!

पण माझं सुख ते किती टिकणार? घरी यायला निघालो आणि हा पोरीला म्हणतो, "पुढच्या वेळी मार खायला मी जातो हं!" म्हणजे बघा... घरातली खुर्ची घेतली, बायकोचं कौतुक घेतलं, उरली होती एक मार खायची जागा, तीही हवी! आणि तुम्हाला सांगतो, मला ठाऊक आहे ना त्याचा हात... रिक्षात बसून तयारी करेल, आणि मार माझ्यापेक्षा चांगला खाईल!