खोक्यातला ‘हो’

...पण मला सांगा, शिंक काय परवानगी काढून येते? फ्रान्समधल्या रूआं शहराच्या नाटकगृहात अठरा वर्षं मंचापुढच्या खोक्यात बसून गाणाऱ्यांना ओळी पुटपुटतोय मी, मंचावरच्या दरोडेखोरांच्या बुटांची सगळी धूळ माझ्याच नाकात! शिंकलो, दोन पानं एकदम उलटली... चूक माझीच, नाही म्हणत नाही.

आता गोष्ट अशी, की नाटकात दरोडेखोरांचा सरदार गुडघे टेकून नायिकेला विचारतो, “येशील माझ्याबरोबर डोंगरात?” तर ती म्हणते ‘नाही’. ‘हो’ म्हणते ती पुढच्या पानावर, तिला सोडवायला आलेल्या कप्तानाला. आमची ल्युसिल म्हणजे गळा सोन्याचा अन् डोकं चाळणीचं. तिनं बघितलं माझ्याकडे, मी म्हटलं ‘हो’, आणि तिनं तो ‘हो’ असा काही लांबवला, की वाजवणारे थांबले, कप्तान भलत्याच दारानं धावत आला, लोक हसून हसून लोळले... आणि सरदार उठेचना! लोकांना वाटलं, अभिनय. अहो, तो आमचा ऑक्ताव ब्रिझार, चोपन्न वर्षांचा सडाफटिंग, आणि तिच्यावर किती जीव टाकतो ते नाटकगृहातल्या मांजरालासुद्धा ठाऊक. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. खोक्यातून दिसतं सगळं.

दुसऱ्या दिवशी गडी केस काळे करून, नवं जाकीट घालून, तिच्यासाठी जांभळ्या फुलांचा गुच्छ घेऊन हजर! आणि तिचं तर ईस्टरला सफरचंदाच्या दारूवाल्याशी लग्न ठरलेलं. फुलं तिनं वेणी घालणाऱ्या बाईला देऊन टाकली. चूक कोणाची? माझीच. शेवटी गेलो त्याच्या खोलीवर, तो एकटाच कांद्याचं सूप पीत बसलेला. म्हटलं, “ऑक्ताव, तो ‘हो’ तिचा नव्हता रे. माझा होता.”

त्यानं चमचा खाली ठेवला. “ठाऊक आहे. तुझ्या खोक्यापासून हातभर लांब होतो मी. ऐकलं की.”

“मग फुलं कशाला?”

“अरे, चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ‘हो’ म्हणालं, तेओफिल. कुणी सांगितलं म्हणून म्हणालं, ते कशाला बघत बसू?” आणि मलाच सूप वाढलं त्यानं.

गुरुवारी पुन्हा प्रयोग. तो गुडघ्यावर. ल्युसिल माझ्याकडे बघतेय... आणि तोही. मी स्वच्छ, खणखणीत ‘नाही’ सांगितलं. मालक खूश, वाजवणारे खूश, कप्तान बरोबर दारानं आला. अठरा वर्षांत इतकं चोख काम केलं नव्हतं मी... आणि इतकं वाईटही कधी वागलो नव्हतो.